वसंताची कडी

माझी बायको सुलोचना गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं मेथी निवडत बसलो होतो. ती, मी आणि तिचा धाकटा भाऊ वसंता. मी जुडीत हात घातला, तिनंही घातला, तर वसंतानं आपला मागं घेतला. म्हणाला, आधी दाजींचं होऊ दे, मग ताईचं, मग माझं. ती म्हणाली, अशानं भाजी उद्या शिजंल. वसंताला तेही चाललं असतं. एका जुडीत दोन हात त्याला बघवायचे नाहीत.

सकाळी ती उठलीच नाही. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही, मी चौथी शिकलेला माणूस. वसंताबद्दल लिहितो.

हा माझा मेव्हणा आमच्या नाशिक रोडच्या दोन खोल्यांत आला तेव्हा बरोबर एक वळकटी आणि एक कॉम्प्युटर. लग्न नाही, मित्र नाही. अंबडच्या एका कंपनीत नोकरी. काय काम करतोस विचारलं की सांगायचा, "कड्या लावतो." शेजारी त्याला सुतारच समजायचे.

मलाही कळायला लय वर्षं गेली. मी कांदा मार्केटात मापारी होतो, म्हणून त्यानं काट्यावरून समजावलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागं सीरियल पोर्ट म्हणून एक जागा असते. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या काट्याची वायर तिथं येते आणि वजनाचे आकडे मुंग्यांसारखे एकामागं एक आत शिरतात. ते घ्यायला आत एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. तो जुना, भोळा. एका वेळी एकच गिऱ्हाईक येणार असं धरून लिहिलेला. आता मशिनं झाली जोरात, दोन-दोन कामं एकदम येऊन त्याला ओढायला लागली. निम्मा आकडा याला, निम्मा त्याला.

"म्हणजे दाजी, कांदा एकाचा आणि वजन दुसऱ्याचं."

हे मात्र मला लगेच कळलं. अशानं मार्केटात डोकी फुटतात.

मी म्हटलं, मग त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला काढ की. वसंता दुखावला. "त्याला हात नाही लावायचा. त्याचं काम त्याला येतं. आपण त्याच्याभोवती फक्त एक खोळ शिवायची. येईल त्यानं कडी लावायची, काम करायचं, निघताना कडी काढायची. बाकीचे रांगेत."

त्याला सगळ्यात धास्ती कडी काढायला विसरणाऱ्याची. आत काही बिघडलं की तो घाबरून मागच्या दारानं पळतो, कडी तशीच, आणि बाहेरचे उभेच. असली एक चूक हुडकण्यात त्यानं अख्खा उन्हाळा घातला. सुलोचना पुढ्यात ताट ठेवायची आणि गार झालेलं उचलून परत गरम करायची.

घरातही तेच. दोघं एकदम बोलायला लागलो की हा गप्प. तुमचं संपलं की विचारणार, "सुटलं का?" मी भडकायचो. सुलोचना म्हणायची, "सुटलं रे बाबा, बोल." मग तो बोलायचा, आणि ती कणीक मळता मळता त्या कड्यांचं पुराण शेवटपर्यंत ऐकायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याचं बोलणं पुरं ऐकणारी या गावात ती एकटीच होती.

दहाव्याला माहेरच्यांनी दुखवटा आणायचा असतो. जावयाला टोपी, टॉवेल. माहेरचा म्हणून उरला हा एकटा, आणि हा तर आमच्याच घरात. आता आणणार कुठून? पाहुणे खोळंबले. वसंतानं चप्पल घातली, टोपी-टॉवेल घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेला आणि तिथून पाहुण्यासारखा परत आला. बाहेरच थांबून म्हणाला, "येऊ का?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्याच पदरानं डोळे पुसायला लागल्या.

तेराव्याचं जेवण झालं तसा माझा चुलतभाऊ सगळ्यांदेखत बोलला, बहीण गेली, आता मेव्हण्याचं इथं काय काम? वसंतानं ऐकलं. पाहुणे पांगल्यावर त्यानं कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. मी भिंतीला टेकून बघत होतो. आम्हाला मूलबाळ नाही. हा गेला की या घरात 'ताई' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. पण मेव्हण्याला राहा म्हणायचं कुठल्या नात्यानं?

शेवटी मी म्हणालो, "जायचं तर उजाडल्यावर जा."

"विचारायला थांबलोय."

"मग विचार."

"जाऊ का, दाजी?"

"नको."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली.

सकाळी भांड्यांच्या आवाजानं जाग आली. वसंता ओट्यापाशी उभा होता. या घरात त्यानं कधी गॅस पेटवला नव्हता. चहाचं आधण उतू चाललेलं. त्यानं विचारलं, साखर किती? मला सांगता येईना. माझ्या चहात साखर ती घालायची, मी फक्त प्यायचो.

त्यानं थोडी घातली आणि बशीत ओतून मला दिला. मी मान हलवली. अजून थोडी घातली. तरी नाही. मग चिमटीनं घालत गेला, दरवेळी बशी पुढं करत गेला, आणि मी घोट घेत गेलो. एकदाचा म्हणालो, "हां. हाच."

वसंतानं ती बशी माझ्या हातातून घेतली. उरलेला घोट तोंडात घेतला आणि चव ध्यानात राहावी म्हणून बराच वेळ गिळला नाही.