सात मशिनं, एक नंबर

लेबलांच्या या कामात अश्वजितच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ : वणीची बदली, आणि वणीत सत्यशीला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको वणीच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. नवरा उमरखेडला सरकारच्या कापूस-पॅकेजसाठी कास्तकारांच्या याद्या टाइप करणारा कारकून. सासुरवाडीत त्याला 'रविवारचा जावई' म्हणत. ऑफिसातल्या सातही कॉम्प्युटरांची नोंद आणि लेबलं झाली की बदलीचा कागद सोडते, असा शब्द हेडक्लार्क कुंदाताईंनी दिला होता.

दुसरा कोणी नंबर शोधायला एकेक डबा उघडत बसला असता. अश्वजित ऐटीत म्हणाला, "मॅडम, पाना कायले पाहिजे? पोटातल्या चिपमध्ये कारखान्यातूनच नाव-नंबर लिहून येते. आपण फक्त मशीनले विचारायचं!"

विचारलं. मशिनांनी सांगितलं. अर्धं लक्ष बसकडे असलेल्या अश्वजितने जे आलं ते छापलं, चिकटवलं, यादी यवतमाळच्या जिल्हा ऑफिसात धाडली आणि वणी गाठली.

आता गंमत अशी, की मशिनं जोडणाऱ्याने नाव-नंबराची जागा भरलीच नव्हती. शून्यापासून नऊपर्यंत ओळीने आकडे, असा नमुन्याचा नंबर सातही पोटांत जसाच्या तसा होता. नावाच्या जागी इंग्रजीत होतं, 'बनवणाऱ्याने भरावे'. अश्वजितने तेच कंपनीचं नाव समजून सात वेळा छापलं.

तरी खपून गेलं असतं. पण पुढच्या आठवड्यात त्यातलं एक मशीन मेलं. कुंदाताईंनी नियमाने कळवलं : अमुक नंबर निकामी. यवतमाळहून नियमाने आदेश आला : तो नंबर भंगारात उचलावा. सोमवारी भंगारवाला फकिराभाऊ टेम्पो घेऊन आला. पहिलं लेबल कागदाशी जुळलं, त्याने उचललं. दुसरं जुळलं, उचललं. कुंदाताई आडव्या आल्या, तर त्याने कागद पुढे धरला. सही त्यांच्याच साहेबांची, लेबल त्यांच्याच कारकुनाचं. त्या बाजूला झाल्या.

नवऱ्याचं सामान बांधायला सत्यशीला त्याच दिवशी सोबत आली होती. दोघं फाटकात पोचले तेव्हा पाच मशिनं टेम्पोत होती, आणि त्यांच्या पोटात तीन हजार कास्तकारांची नावं. अश्वजितचा चेहरा पावसात सापडलेल्या कापसासारखा झाला. याद्या गेल्या म्हणजे बदलीही गेली.

"सातही मेले का जी, भाऊ?" सत्यशीलेने विचारलं.

"मले काय ठाऊक बाई? नंबर तं मेलेल्याचाच हाये."

ती नवऱ्याकडे वळली. "वॉर्डात आम्ही बाळाच्या हाताले चिठ्ठी बांधतो. बाळाले विचारून नाही बांधत."

"काहून?"

"तो कोणाचा हाये, हे त्याले कुठं माहीत असते? आपणच पाहून लिहा लागते."

तिच्या पर्समधून पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल निघाला. एकेक मशीन उतरवून वीज लावली. जे उजळलं त्याला पट्टी, पट्टीवर आकडा, एक ते सहा. जे उजळलं नाही ते फकिराभाऊ घेऊन गेला.

याद्या वाचल्या, बदली नाही. यवतमाळहून पत्र आलं, की तालुक्यातली सगळी मशिनं अशीच पाहून घ्यावीत आणि तोवर या हुशार कर्मचाऱ्याला सोडू नये. शेवटी बदलीचा अर्ज सत्यशीलेने केला, वणीहून उमरखेडला. फॉर्मच्या तळाशी रिकामा रकाना होता, 'कार्यालयाने भरावे'. अश्वजितने पेन उघडलं. तिने ते हळूच हातातून काढून घेतलं.

ती उमरखेडला आली. तर हिशेब असा : आळस बनवणाऱ्याचा, शाई अश्वजितची, फेरा फकिराचा. भरलं सत्यशीलेने : एक रोल आणि अख्खी वणी. वणीचं ती नावही काढत नाही. रोल मात्र आता रोज घरी असणाऱ्या नवऱ्याकडे रोज भरून मागते.