नऊशेपैकी आठशे अकरा

पीटी मास्तरांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. कागद खिशात राहिला असता, घड्या पडून फाटला असता आणि घर सुतासारखं सरळ ताब्यात आलं असतं. पण शाळेच्या ऑफिसातलं ओळखपत्रांचं मशीन नेमकं त्या दिवशी मोकळं होतं, आणि मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत दाखवण्याजोगे गुण मिळाले होते. नऊशेपैकी आठशे अकरा.

हे गुण कुठल्या परीक्षेचे नव्हते. घेतलेलं कर्ज माणूस किती वेळेवर फेडतो, यावरून ठरणारा तो क्रेडिट स्कोअर होता. घर घ्यायचं ठरलं, कर्ज मास्तरांच्या नावावर काढायचं ठरलं, म्हणून बायकोनं मोबाइलवर आधी त्यांचा स्कोअर काढला. स्वतःचा काढणार तेवढ्यात दूध उतू गेलं आणि तो राहूनच गेला.

आता मास्तरांना एका आकड्याचं एवढं अप्रूप का, तर त्याला इतिहास आहे. मास्तर आज ज्या शाळेत मुलांना पळवतात, त्याच शाळेत ते शिकले. नववीला त्यांना गणितात पस्तीस पडले आणि तेव्हापासून सगळे मित्र त्यांना ‘पस्तीस’ म्हणतात. ते पस्तीस देणारे गणिताचे सर पुढे त्यांचे सासरे झाले. (मुलगी देताना सरांनी फार चौकशी केली नाही. प्रगतिपुस्तकावर त्यांचीच सही होती.) मास्तर या पस्तीसवर वरवर चिडत, पण आतून त्यांना त्याचाही अभिमान होता. काठावर का होईना, आपण स्वतःच्या बळावर पास झालो, असं ते सांगत.

लॅमिनेट केलेला कागद घेऊन ते पहिल्यांदा सासऱ्यांकडेच गेले. सर चारचौघांत त्यांना ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणत. आकड्यांचा विषय निघाला की आपोआप ‘तू’वर येत. सरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, मागून पाहिला.

“नव्वद पूर्णांक अकरा शतांश टक्के,” सर म्हणाले. “शेजारी कोण बसलं होतं?”

पण कागद परत देताना ते “बरं आहे” असंही म्हणाले. सरांच्या तोंडून ‘बरं आहे’ निघणं म्हणजे इतरांनी घोड्यावरून मिरवणूक काढण्यासारखं होतं. मास्तर घरी चालत आले नाहीत, जवळजवळ धावत आले.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर म्हणून जे होतं, तो खरं तर दोन खोल्यांमधला बोळ होता. त्याला खिडकी नव्हती. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय बायकोला मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळत नसे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहायची आणि घरी येऊन अंधारात चाचपडायचं, असं तिचं अकरा वर्षं चाललं होतं. त्यांनी पाहिलेल्या नव्या घरात ओट्यावर हातभर रुंद खिडकी होती. ती बघून बायको पाच मिनिटं तिथंच उभी राहिली होती. मास्तरांनी तेव्हाच मनाशी ठरवलं, की हे घर घ्यायचंच. मालकानं तीन महिने भाव धरून ठेवायचं कबूल केलं होतं.

सर्वांत कमी व्याज देणारी बँक कुठली, हे बायकोनं शोधून काढलं होतं. सगळी कागदपत्रं जमली की थेट तिथंच जायचं, असं तिनं बजावलं होतं. मास्तर सहज म्हणून, नुसतं विचारायला, वाटेतल्या एका दुसऱ्याच बँकेत शिरले. तिथल्या माणसानं एका फॉर्मवर सही घेतली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चक्क उभा राहिला. असा स्कोअर क्वचित बघायला मिळतो, म्हणाला. आतून मॅनेजरला बोलावून दाखवलं. मास्तरांना चहा आला.

आता सांगा, ज्याला जन्मात कुणी गुणांसाठी चहा पाजला नाही, तो माणूस एका बँकेवर थांबेल का?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर पुढच्या बँकेत गेले. मग त्याच्या पुढच्या. घरी ते सांगत, की स्पर्धा जवळ आल्यात, पोरांचा सराव घेतोय. (गळ्यात शिट्टी असलेल्या माणसावर कुणीही विश्वास ठेवतं.) सगळीकडे सही, कॉम्प्युटर आणि कौतुक ठरलेलं. पाचव्या बँकेत चहाच्या जागी पाणी आलं. सातव्या बँकेतली बाई “छान आहे” म्हणाली, पण उठली नाही. नवव्या बँकेतला माणूस नुसतं “ठीक आहे” म्हणाला. मास्तरांनी मनातल्या मनात त्या बँकेची शिस्त ढिली ठरवली आणि बॅगेतला कागद एकदा बघून घेतला. आठशे अकरा. जागच्या जागी होता.

शेवटी बायकोच्या बँकेत जायचा दिवस आला. बायकोबरोबर मास्तर सासऱ्यांनाही मुद्दाम सोबत घेऊन गेले. आकडा मोठ्यानं वाचला जाईल तेव्हा सर समोर हवे होते. सरांनी हप्त्याचं गणित तपासायला पेन्सिल आणली होती.

कर्ज विभागातल्या अधिकारी बाईंनी सही घेतली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “सातशे शेहेचाळीस.”

मास्तर हसले. दुसऱ्या कुणाचा तरी उघडला असेल, म्हणाले, आणि बॅगेतून लॅमिनेट केलेला पुरावा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो नीट वाचला.

“हा अडीच महिन्यांपूर्वीचा आहे. त्यानंतर तुम्ही नऊ बँकांत कर्जासाठी अर्ज केलेत.”

“अर्ज नाही हो, नुसतं विचारलं.”

“सही केलीत ना? मग झाला अर्ज. बँकेनं तुमचा स्कोअर मागवला की त्याची नोंद होते. थोड्या दिवसांत इतक्या ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत आहे असं दिसतं. प्रत्येक वेळी थोडे गुण कापले जातात.”

“नऊ?” बायको म्हणाली. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी हळूच शर्टाच्या आत टाकली.

कमी व्याजासाठी साडेसातशे लागत होते. चार कमी पडले. सरांनी पेन्सिल चालवली आणि वरच्या दरानं हप्ता पगारात बसत नाही, असं सांगितलं. भाव धरून ठेवलेले तीन महिने त्याच आठवड्यात संपत होते. मास्तरांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना. त्यांना ती खिडकी दिसत होती आणि लाज वाटत होती.

बाईंनी मग विचारलं, की मॅडमही नोकरी करतात, तर त्यांना मुख्य अर्जदार का करत नाही? बायकोनं सही केली. बाईंनी पाहिलं आणि या वेळी खरोखर उठून उभ्या राहिल्या. आठशे अडतीस. यांनी घेतलेल्या शिलाई मशीनच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही, त्या म्हणाल्या. आणि मास्तरांच्या स्कूटरचे हप्तेही दर महिन्याला दोन दिवस आधी भरलेत, तेही याच मॅडमच्या खात्यातून, पासबुकात दिसतंय. म्हणजे ते आठशे अकराही कुणी मिळवले होते, हे सगळ्यांना कळलं. कमी दरानं कर्ज मंजूर झालं आणि बायकोला चहा आला. तिनं निम्मा बशीत ओतून नवऱ्यापुढं सरकवला.

बाहेर पायऱ्यांवर सर थांबले. मुलीकडे बघताना त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग जावयाकडे वळले.

“नववीतही तुला चारच कमी पडले होते.”

“म्हणजे?”

“एकतीस होते. चार मी घातले. तू पळायला चांगला होतास, वर्ष फुकट गेलं असतं. तेव्हा मी दिले, आज माझ्या लेकीनं दिले. आता आमच्या घरात देणारं कुणी उरलं नाही. जरा जपून राहा.”

महिन्याभरात सामान नव्या घरात गेलं. बायको पहिल्याच सकाळी दिवा न लावता स्वयंपाक करत होती. कागद कुठं लावायचा, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा तिनं तो गरम भांड्याखाली ठेवायला घेतला. लॅमिनेट केलेला असल्यानं पुसायला सोपा जातो.

रविवारी मित्र घर बघायला आले आणि खालूनच ओरडले, “ए पस्तीस, कितवा मजला?” एरवी मास्तर चिडले असते. त्या दिवशी त्यांनी लगेच ओ दिली. कुणी चार गुण जास्त देत असेल, तर उगाच हरकत कशाला घ्या?