हर्षालीचा कल

दहावीतल्या हर्षालीच्या करिअर चाचणीचा अहवाल आला आणि सगळ्यांचा चहा गार झाला. 'व्यापारात रस शून्य. गायनाकडे तीव्र ओढ. पालकांनी जबरदस्ती करू नये.'

खरं तर हर्षालीला वडिलांचं द्वारका चौकातलं स्पेअर पार्टचं दुकानच चालवायचं होतं. कॉमर्स घ्यायचं, दुकान वाढवायचं, ठरलेलं होतं.

"पप्पा, मला गाणं येत नाही हो!"

"येतं. तुला कळत नाहीये," संतोष म्हणाला. मुलांवर काही लादायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं आणि तेच तो आता लादायला निघाला होता.

कॉमर्सचा विषय बंद झाला, गाण्याचा क्लास लागला. पहिल्याच सकाळी वरच्या मजल्यावरच्या फुलाबाई धावत खाली आल्या, "कुणाला लागलंय का गं?" चौथ्या दिवशी गुरुजींनी तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली. संतोष मात्र आंघोळ करता करता ओरडायचा, "असा लाव सा!" आणि तो स्वतः अगदी बरोबर लावायचा.

शेवटी रडवेली हर्षाली त्याला शाळेतल्या समुपदेशक बुद्धभूषण सरांकडे घेऊन गेली. सरांनी तिची उत्तरं उघडली.

"गिऱ्हाईक समोर आलं की काय वाटतं? उत्तर, उद्या आलं असतं तर काय बिघडलं असतं. सुट्टीत काय आवडेल? भजनी मंडळ. कुठलं गं मंडळ?"

"सर, हे मी भरलेलंच नाही!"

दोघांनी संतोषकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

"लिंक माझ्या मोबाईलवर आली, सर. हिची ट्यूशन होती, पाचला लिंक बंद होणार. सगळेच पालक भरतात. पहिली दोन उत्तरं हिचीच दिली." त्याचा आवाज उतरला. "मला दहावी झाल्या झाल्या दुकानात बसवलं. तुला काय आवडतं, असं कुणी विचारलंच नव्हतं हो."

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मला गावं लागणार नाही?"

"नको गं बाई," सर आणि संतोष एकदमच म्हणाले.

आता रविवारी दुकान हर्षाली बघते. गुरुजींनी वहीत तिचं नाव खोडून तिथे संतोषचं लिहिलं. परवा तो पेटी घेऊन बसला, तेव्हा फुलाबाई पुन्हा खाली आल्या. या वेळी त्यांनी बसायला खुर्ची मागितली.