राजदूतच्या कानाला काप

"आठ दिवसात ही राजदूत चालू न्हाई केली, तर बापाचं नाव लावणार न्हाई," असं देविदास राठोडनं तांड्यावर चारचौघांत सांगून टाकलं. त्या चारचौघांत त्याची याडी, म्हणजे आई निर्मलाबाई, बसलेली होती हे त्यानं पाहिलं नव्हतं.

"मंग हरिचंदच्या नातवाच्या लग्नाला मी ह्याच गाडीवर येईन," ती म्हणाली. "न्हाई तर येतच न्हाई."

हरिचंद तिचा भाऊ. लग्न पुसेगावला होतं आणि तीन आठवड्यांवर आलं होतं. नवरी होऊन निर्मलाबाई या तांड्यावर आली ती याच राजदूत मोटारसायकलवर, नवऱ्याच्या, किसनसिंगच्या मागं बसून. पुढं एकतीस वर्षांपूर्वी गाडी बंद पडली आणि गोठ्यात कडब्याआड गेली. मागच्या वर्षी किसनसिंगही गेला. गाडी देविदासच्या वाट्याला आली, आणि गाडीबरोबर एक संशयही आला.

किसनसिंग जन्मभर सांगत राहिला, "गाडी झकास होती. वारंगा फाट्याच्या पुंजाजी मिस्त्रीकडं पिस्टनच्या रिंगा बदलायला दिली, तर त्यानं आतलं वरिजनल सामान काढून घेतलं आन् भंगार भरून दिलं." पुन्हा तो त्या गॅरेजची पायरी चढला नाही. देविदास हे ऐकतच मोठा झाला, त्यामुळं त्याचा जगात कोणावरच भरवसा उरला नाही. गिरणीत आपलं पीठ पडेपर्यंत तो डब्याला हात लावून उभा राहायचा. हिंगोलीला रक्त तपासायला दिलं, तेव्हा बाटलीवर नाव डोळ्यांदेखत लिहून घेतलं होतं.

म्हणून इंजिन त्यानं स्वतःच खोललं. खोलायला एक दुपार लागली. जोडायला पाच दिवस लागले, तरी ओंजळभर सामान उरलं.

"जोडता येत न्हाई तर खोललं काहून?" त्याची बायको निलम म्हणाली.

फाट्यावरच्या तरण्या मेकॅनिकांनी राजदूतचं नाव ऐकून हात जोडले. सगळ्यांनी एकाच टिनाच्या शेडकडं बोट दाखवलं. तिथं पुंजाजी अजून काम करत होता.

देविदासला दोन दिवस झोप लागली नाही. मग त्याला घरातलीच रीत आठवली. त्याचे पणजे बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. शेकडो बैलांत आपला बैल ओळखू यावा म्हणून प्रत्येक घर त्याच्या कानाला आपला काप मारायचं. राठोडांचा काप तिरपा, उजव्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा. देविदासनं इंजिन पुन्हा सुटं केलं, कानस काढली आणि एकेका भागाला घरचा काप मारला. तोही वरून दिसेल असा नाही. दिसणारी खूण पाहून चोर सावध होतो, म्हणून त्यानं काप मारले ते जिथं एक भाग दुसऱ्यावर चपखल बसतो त्या तोंडावर. आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की त्यानं दोनदा चहा घेतला.

पुंजाजीनं सामानाचं पोतं उघडून पाहिलं. "किसनसिंगची हाये का?"

"व्हय. आन् सामान मोजून आणलंय, मिस्त्री."

"मोज बाबा. मोजायला काही तकलीफ न्हाई."

पुंजाजी काम करी आणि देविदास बाकड्यावर बसून पाहत राही. म्हातारा फडक्याला हात पुसायचा, की हा फडकं झटकून बघायचा. एकदा पुंजाजीच्या बायकोनं, पद्माबाईनं, जेवणाचा डबा आणला. ती परत नेताना तो डबा देविदासला फार जड वाटला. त्यानं झाकण उघडलं. आत उरलेलं पिठलं होतं.

"भूक लागली व्हय रे लेकरा?" पद्माबाईनं विचारलं. त्याला ते पिठलं मुकाट खावं लागलं.

गाडी जोडून झाली. किक मारली की ती खोकायची, धूर सोडायची आणि गप्प व्हायची. पुंजाजीनं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पुन्हा जोडणी केली. गाडी काही चालू होईना. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. देविदासला आता शंकाच उरली नव्हती. बापाला लुटलं त्यानंच लेकालाही लुटलं होतं.

लग्न परवावर आलं, तेव्हा तो याडीला आणि निलमला ऑटोत घालून साक्षीला घेऊन आला.

"खोला इंजिन," तो म्हणाला. "माझी खूण हाये प्रत्येकावर. ज्याला खूण न्हाई ते तुमचं भंगार."

पुंजाजीनं इंजिन खोललं. देविदासनं एकेक भाग उचलून पाहिला. काप होता. दुसरा पाहिला. काप होता. शेवटच्या भागापर्यंत सगळं सामान त्याचंच निघत गेलं, तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. एखादा तरी चोरीला जायला हवा होता, असं त्याला मनापासून वाटलं.

पुंजाजीनं चष्मा लावला. "मला वाटलं जुनी झीज हाये. हे काप तू मारले?"

"घरची रीत हाये आमची."

म्हातारा बाकड्यावर टेकला. "अरे, ह्या तोंडावर केसाएवढी फट चालत न्हाई. हवा आत शिरली की इंजिन मेलं. तू तर कानच कापून ठेवले."

निलमनं पदर तोंडाला लावला. पुंजाजीनं सिलिंडरचं तोंड पेट्रोलनं पुसलं आणि एकदम थांबला. देविदासच्या चकचकीत कापाच्या शेजारी आणखी एक काप होता, काजळीनं काळा पडलेला. तसाच तिरपा, उजव्या कडेला, तांदळाएवढा.

"हा माझा न्हाई," देविदास घाईनं म्हणाला. "हा तुमीच..."

"दे इकडं." निर्मलाबाईनं त्यावरून नख फिरवलं. "ह्यो तुझ्या बापाचा. मिस्त्रीकडं द्यायच्या आदल्या दिवशी हेच उघडून कानस घासत बसले होते. मी विचारलं तर म्हनले, विळ्याला धार लावून राहिलो."

पुंजाजी त्या कापाकडं पाहत राहिला. "मला वाटलं माझ्याच हातून पाना निसटला," तो हळू म्हणाला. "म्हनून चोर म्हनले तरी मी उलटून बोललो न्हाई. एकतीस वर्षं."

देविदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चुकलं," तो म्हणाला. इतकी वर्षं घरात ज्याला चोर म्हटलं, त्याला तो पहिल्यांदाच काका म्हणाला. निर्मलाबाईनं नवऱ्याच्या वतीनं पुंजाजीपुढं हात जोडले, तर म्हाताऱ्यानंही घाईनं हात जोडले आणि डोळे पुसून कामाला लागला.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यानं दीड दिवस एकेक तोंड घासून सपाट केलं. लग्नाच्या सकाळी दुसऱ्याच किकला राजदूतनं आवाज दिला. निर्मलाबाई नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन, कुणी सांगायच्या आत मागच्या सीटवर बसली. नवरी होऊन आली त्या दिवशी बसली होती तितकीच ताठ.

देविदासनं किल्लीसाठी हात पुढं केला. पुंजाजीनं किल्ली मुठीत धरली.

"आधी कानस."

देविदासनं मान खाली घालून खिशातून कानस काढून दिली. पुंजाजी किल्ली देणार, तेवढ्यात निलम पुढं आली.

"थांबा काका," ती म्हणाली. "लहानी कानस दुसऱ्या खिशात हाये."