मातीवाले भामरे सर

पांडेसऱ्यातल्या आमच्या सोसायटीत चिवड्याची पिशवी भामरे सरांच्या हाती सुखासुखी कुणी देत नाही. ते चिवडा वाटत नाहीत, त्याचा नमुना काढतात. आधी सगळा कागदावर ओततात, हाताने कालवतात, पसरून चार भाग पाडतात आणि समोरासमोरचे दोन बाजूला सारतात. उरलेला पुन्हा कालवायचा, पुन्हा चार भाग. "शेतातली माती अशीच घेतात. आता प्रत्येक घासात शेंगदाणा येणार," असं ते म्हणेपर्यंत आमचा चहा निवलेला असतो.

सर मृदाशास्त्रात एम.एस्सी. चलथाणकडच्या उसाच्या शेतांची माती तपासण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. आता ते शेजाऱ्यांची मुलं तपासतात. बारावीचा निकाल लागला की पेढा खायला येतात आणि बसतातच. "अख्खं कतारगाम हिरे घासतंय, मातीकडे बघणार कोण? मृदाशास्त्र घे. प्रयोगशाळा आहे, खत कंपनी आहे, बँकेत शेतकी अधिकारी आहे, चहाचे मळे आहेत. माती कुठंही नेते." माझा पुतण्या त्यांच्या नादी लागून खरंच गेला. आता खत कंपनीत बरा रुळलाय, पण वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिला कॉम्प्युटरवाला हवा होता.

कुणी गावी निघालं की सर त्याच्या हातात स्टीलचा डबा देतात. माती आणायची, पण झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको, घराजवळची तर अजिबात नको. मी एकदा कंटाळा केला आणि साक्रीहून दारातलीच भरून आणली. सरांनी चिमूटभर पाण्यात कालवून बोटांवर चोळली. "यात चुलीची राख आहे, भांड्यांचं पाणी आहे. ही शेताची नाही, तुमच्या माणसांची माती आहे. नमुना चुकला." डबा मला परत.

यंदा कल्याणीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, आसामात चहाच्या मळ्यावर माती तपासायची नोकरी लागली. तीही मृदाशास्त्रच शिकलेली. न शिकून सांगते कुणाला! आई लहानपणीच गेलेली, घरात दोघंच. सोसायटीने पेढे मागितले तर सर उद्यावर ढकलत राहिले. शेवटी मीच विचारलं, "काय सर, आसामची माती कशी?"

"आम्ल."

"म्हणजे वाईट?"

"चहाला मानवते. माणसाचं माहीत नाही."

"पप्पा, तुम्ही नको म्हणा, मी नाही जात," असं पोरगी माझ्यासमोरच म्हणाली. सर नको म्हणाले नाहीत. आमची सगळ्यांची पोरं घराबाहेर धाडल्यावर कुठल्या तोंडाने म्हणणार? मला त्या दिवशी त्यांची दया आली.

स्टेशनवर बॅगा धरायला मी होतो. गाडी लागली तसा सरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिच्या हातात दिला.

"दिवाळीला येशील तेव्हा भरून आण."

"मळ्यातली ना? झाडापासून लांबची. माहितीये मला."

"मळ्यातली नको. तू राहशील त्या खोलीच्या दारातली आण."

"पप्पा, नमुना चुकेल."

"चुकू दे," सर म्हणाले, आणि डबा परत घेऊन झाकण घट्ट बसतंय का ते बघत राहिले.