तिसऱ्या डोळ्याची पूर्तता

हळद पॉलिश करताना उडालेल्या धुळीने शिरड शहापूरच्या नामाजींचे डोळे लाल होऊन खाजू लागले, ही घटना सोमवारी सकाळी घडली. शुक्रवारी त्यांच्या सीमाला पाहायला कळमनुरीची मंडळी येणार होती. मुलीच्या बापाचे डोळे लाल दिसले की पाहुणे एकच अर्थ काढतात, आणि नामाजींनी तर जन्मात बाटलीला हात लावला नव्हता. त्यांनी तडक सरकारी दवाखाना गाठला.

औषधं देणारे शिवहार साहेब सज्जन गृहस्थ. त्यांच्याकडे खाजेवरचे थेंब होते, तेही तीन प्रकारचे, आणि तिथेच घात झाला. एकाहून अधिक पर्याय उपलब्ध असल्यास तुलना केल्याशिवाय वाटप करू नये, असं परिपत्रक होतं.

"मंग करा की तुलना," नामाजी डोळे चोळत म्हणाले.

"काका, चोळू नका, निष्कर्ष बिघडतो. एक औषध उजव्या डोळ्यात, दुसरं डाव्यात. तिसऱ्यासाठी डोळा कुठाय?"

"साहेब, तिसरा डोळा औंढ्याच्या नागनाथाला हाय. आमाला न्हाई."

"त्याला खाज आहे का? नाही ना? मग अपात्र."

मंगळवारी नामाजींनी बायकोचा डोळा देऊ केला. साहेब हळहळले. अनुसयाबाईंचे डोळे ठणठणीत होते आणि नियमाला खाजरा डोळा हवा होता. बाई पदर खोचून पॉलिशच्या ड्रमपाशी तासभर उभ्या राहिल्या आणि पात्र होऊन आल्या. पण आता खाजणारे डोळे झाले चार, औषधं तीनच. शिल्लक डोळ्याबाबत वरून मार्गदर्शन मागवावं लागलं.

"काहून पण? मी तो मिटून ठिवते की!" अनुसयाबाई कळवळल्या.

"काकू, मिटला तरी डोळा मोजणीत येतो."

शुक्रवारपर्यंत मार्गदर्शन आलं नाही, पाहुणे मात्र वेळेवर आले. दारात चार लालभडक डोळे त्यांच्या स्वागताला उभे होते. "नवरा-बायको जोडीनं घेऊन राहिले वाटतं," कुणीतरी पुटपुटलं आणि मंडळी चहाला न थांबता माघारी फिरली. आत सीमा पोह्यांच्या ताटल्या घेऊन तशीच उभी राहिली.

नामाजी ढसाढसा रडले. रडता रडता धूळ वाहून गेली आणि खाज थांबली. शिवहार साहेबांनी अहवाल पाठवला: 'तिन्ही औषधे न वापरता रुग्ण बरा झाला, सबब तिन्ही सारखीच गुणकारी.'

एवढं वाचून, सीमाचं पुढे काय झालं हे विचारण्याआधी, त्या तिन्हींत खरंच चांगलं औषध कोणतं असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर शिवहार साहेबांना कळवा. तुलना समितीत एक जागा रिकामी आहे.