अर्ध्या तासाचा प्रश्न

डॉक्टर खांबेट्यांकडे ब्रिटनचे एकोणीस नकाशे होते आणि त्यांतल्या एकाचाही त्यांना कधी उपयोग झालेला मी पाहिला नाही. माणूस नकाशाशिवाय चुकतो, हे मी समजू शकते. खांबेटे नकाशा बघून, त्यावर बोट ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, अगदी विधिपूर्वक चुकायचे. मी ग्लासगोच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. त्यामुळे शेजारी बसून हे बघणं माझ्या फार जिवावर यायचं.

खांबेटे भूल देणारे डॉक्टर. उंच, किडकिडीत, खांद्यात थोडे वाकलेले आणि आवाज असा मऊ, की ऐकता ऐकता जांभई यावी. "आता सगळ्यांनी मोठा श्वास घ्यायचा आणि दहापासून उलटे आकडे मोजायचे," हे वाक्य ते ऑपरेशन टेबलवरच्या पेशंटला म्हणत, तसंच गाडीत मारामारी करणाऱ्या मुलांनाही म्हणत. मुलं सातापर्यंत आली की भांडण विसरायची. रस्ता चुकल्यावर माझ्या नवऱ्यालाही ते हेच सांगत. पण अरविंद शून्यापर्यंत मोजूनसुद्धा तितकाच खवळलेला असायचा.

ऐंशीच्या दशकात आमच्या दोन कुटुंबांच्या वर्षाला दोन ट्रिपा ठरलेल्या असत, एक ईस्टरला आणि एक ऑगस्टात. सुरुवातीला आम्ही आपापल्या गाड्या घेऊन जायचो. मग खांबेट्यांनी ती पद्धत बंद पाडली. "दोन गाड्यांतून जायचं तर मग घरीच काय वाईट? सगळी माणसं एका गाडीत पाहिजेत." तेव्हापासून बारा सीटची मिनीबस भाड्याने यायला लागली आणि खांबेटे आमचे कॅप्टन झाले. त्यांना कुणी निवडलं नव्हतं. किल्ली त्यांच्या हातात होती, एवढंच.

बारा सीट आणि आम्ही माणसं सात. एखाद्या शहाण्या माणसाने उरलेल्या सीटवर सामान ठेवलं असतं. खांबेट्यांना रिकामी सीट सहनच होत नसे. निघायच्या आदल्या दिवशी ते हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये चक्कर मारत आणि मिरजेहून, नागपूरहून नुकत्याच आलेल्या ज्युनियर डॉक्टरांना गोळा करून आणत. "रूमवर बसून काय करणार आहात? स्वेटर घाला आणि चला." ती बिचारी पोरं चार रात्रींची झोप काढायला बसलेली असत. हॉस्पिटलमधला साहेबच बोलवायला आल्यावर नाही कोण म्हणणार? एकदा इतकं करूनही एक सीट उरली, तेव्हा खांबेटे शेजारच्या मिसेस बेलची बेल वाजवून आले. मिसेस बेल सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या मांजराला शेजारी सोपवून, टोपी घालून, पाच मिनिटांत गाडीत येऊन बसल्या आणि पुढे एकही ट्रिप त्यांनी चुकवली नाही. त्या बटाटेवड्याबरोबर संत्र्याचं मार्मलेड खात. गाण्याच्या भेंड्यांमध्ये कुठलंही अक्षर आलं तरी आपलं तेच एक चर्चमधलं गाणं म्हणत आणि खांबेटे पंच म्हणून ते ग्राह्य धरत.

गाडी सुरू झाली की कॅप्टन आपला जाडजूड रोड ॲटलास स्वतःच्या मांडीखाली ठेवत. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मग दोनेक तासांनी, सगळं सुरळीत चाललेलं असताना, गाडी मोठा रस्ता सोडून भलत्याच गावात शिरायची.

"अहो, हा रस्ता तळ्याकडे जात नाही," मी म्हणायची.

"जातो, वहिनी. थोडा फिरून जातो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

हा अर्धा तास दीड तासाच्या आत कधी संपला नाही. आणि रस्ता चुकून माणूस निदान एखाद्या किल्ल्यापाशी, धबधब्यापाशी तरी पोचावा! आम्ही पोचायचो हॉस्पिटलपाशी. लेक डिस्ट्रिक्टला जाताना आम्ही किनाऱ्यावरच्या एका धुरकट गावातल्या हॉस्पिटलसमोर उभे होतो. वेल्समध्ये समुद्र शोधताना डोंगरातलं हॉस्पिटल सापडलं. यॉर्कशरमध्ये तर पाऊस इतका होता, की आम्ही तिथल्या कार पार्कमध्ये गाडीतच दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली.

"आता आलोच आहोत तर इथेच जेवून घेऊ," खांबेटे म्हणत. "हॉस्पिटलची टॉयलेट्स स्वच्छ असतात." यावर कुणाला काही बोलता येत नसे, कारण ती खरंच स्वच्छ असत.

जेवण झालं, की ते तिथेच गाण्याच्या भेंड्या लावत. समोर शांतता राखण्याची पाटी आणि आमच्या गाडीत बारा माणसं बेंबीच्या देठापासून गातायत! एरवी ज्यांचा आवाज पुढच्या सीटवरून मागे पोचत नसे ते खांबेटे अशा वेळी टाळ्या वाजवून म्हणत, "मोठ्याने! मोठ्याने!" आमची केतकी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने एकदा शाळेत सुट्टीवर निबंध लिहिला, तर बाईंनी मला बोलावून हळूच विचारलं, घरात कुणाची तब्येत वगैरे ठीक नाही का?

हे सगळं चाललंही असतं. पण एका ऑगस्टात, स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल नावाचं बेट आहे तिथे जायला निघालेलो असताना, या अर्ध्या तासापायी आमची फेरीबोट चुकली. धक्क्यावर पोचलो तेव्हा ती आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात लांब जात होती. पुढची फेरी दुसऱ्या दिवशी. बेटावरच्या घरमालकिणीने आमच्यासाठी स्वयंपाक करून ठेवलेला. मिसेस बेल म्हणाल्या, "नेव्हर माइंड, डॉक्टर, इट्स अ लव्हली व्ह्यू." अरविंद काहीच म्हणाला नाही. तो रागावला की बोलतो. गप्प बसला की मात्र काहीतरी ठरवतो, हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर आमच्या सिटिंग रूममध्ये रीतसर मीटिंग झाली. अरविंद कंप्युटर कंपनीत. ब्रॅकनेलच्या हेड ऑफिसला जाऊन आला, की काही दिवस तो घरातही मीटिंगा घेत असे. त्याने पुढच्या ट्रिपचा रूट टाइप करून, वर प्लॅस्टिक चढवून आणला होता.

"डॉक्टर, नथिंग पर्सनल," तो म्हणाला. "तुम्ही ड्राइव्ह करून दमता. यापुढे कॅप्टन मी. तुम्ही मागे आरामात बसायचं."

खांबेट्यांनी त्या प्लॅस्टिकच्या कागदाकडे पाहिलं, मग सुमतीकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, पाहिलं. सुमती विणत होती. "माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मी ग्लासगो सोडलं की डोळे मिटून घेते, ते घरी आल्यावर उघडते."

"एक ट्रिप द्या मला," खांबेटे म्हणाले. त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला होता. "एकच. पार उत्तरेच्या टोकाला जाऊ. जॉन ओ'ग्रोट्स. त्यात एकदा जरी चुकलो, तरी किल्ली तुझी. पुन्हा मागणार नाही."

साठीला टेकलेला, हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट असलेला माणूस मिनीबसच्या किल्लीसाठी इतका काकुळतीला आलेला बघून मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. अरविंदने अट घातली: ॲटलास भूगोलाच्या बाईंच्या मांडीवर राहील. खांबेटे जरा थांबले. मग म्हणाले, "राहू दे."

ईस्टरला आम्ही निघालो. बारा सीट, बारा माणसं. आणि काय सांगू, खांबेट्यांनी गाडी चालवली ती अशी, की मी बोट उचलायच्या आत ते वळत होते. पहिल्या दिवशी इन्व्हर्नेसला आम्ही अरविंदच्या कागदातल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो. मागे बसलेले ज्युनियर एकमेकांकडे बघायला लागले. अरविंदचा चेहरा पडला. माणूस इतका बरोबर चालला, की कॅप्टनपद कसं मिळणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या हाताला नुसती माळरानं आणि उजव्या हाताला समुद्र. मागे सगळे पेंगत होते. मला काही काम नव्हतं, म्हणून मी ॲटलास चाळायला लागले. पहिल्यांदाच तो माझ्या हातात आला होता.

त्यात पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. बारीक, व्यवस्थित. लेक डिस्ट्रिक्टच्या बाजूचं ते धुरकट गाव. शेजारी लिहिलेलं: फेब्रु. ते जुलै. वेल्समधलं डोंगरातलं गाव: ऑगस्ट ते जाने. यॉर्कशर. मलच्या रस्त्यावरचं ते आडगाव. जिथे जिथे आम्ही चुकून पोचलो होतो, तिथे तिथे फुली आणि सहा-सहा महिने. भारतातून आलेल्या डॉक्टरांना सुरुवातीला अशाच नोकऱ्या मिळायच्या, सहा महिने इथे, सहा महिने तिथे, ज्या गावात इथले कुणी जायला तयार नसत तिथे. हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण खांबेट्यांनी त्या दिवसांबद्दल कधी अवाक्षर काढलेलं मला आठवत नव्हतं. एकूण सात फुल्या. सहांवर बरोबरची खूण. सातवी फुली सगळ्यांत वर, उत्तरेला, कोरी. शेजारी लिहिलं होतं: पहिली पोस्ट.

मी मान वर केली. समोर रस्ता फुटत होता. उजवीकडे जॉन ओ'ग्रोट्सची पाटी. डावीकडे त्या सातव्या गावाची.

खांबेट्यांनी गाडी हळू केली. डावा इंडिकेटर लागला. मग बंद झाला. ते क्षणभर तसेच डावीकडे बघत बसले. मग त्यांनी उजवा इंडिकेटर लावला आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. दिलेला शब्द होता ना.

"डावीकडे घ्या," मी म्हणाले.

"वहिनी?"

"डावीकडे, डॉक्टर. नकाशा माझ्याकडे आहे की तुमच्याकडे?"

दहा मैलांवर गाव आलं आणि अरविंद जागा झाला. "हे काय? ग्रोट्स कुठे आहे?"

"माझी चूक," मी म्हणाले. "डावं-उजवं झालं माझं. डॉक्टरांचा काही दोष नाही, मीच सांगितलं त्यांना."

अरविंद माझ्याकडे बघतच राहिला. "तू भूगोल शिकवतेस!"

"होतं एखाद्या वेळी."

केतकीने खिडकीला नाक लावलं आणि म्हणाली, "ओ नो. आई, हा पण हॉस्पिटल आहे."

हॉस्पिटल होतं, पण बंद पडलेलं. खालच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, कार पार्कमध्ये गवत. स्वच्छ टॉयलेटची सबब या वेळी चालणार नव्हती आणि खांबेट्यांनी ती सांगितलीही नाही. ते उतरले, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मी थर्मासमधला चहा घेऊन त्यांच्या मागे गेले.

"मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"चहा घ्या, गार होईल."

"ती वरची खिडकी. तिसरी. तिथे होतो." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "सुमती तेव्हा साताऱ्याला. पत्र यायला दोन-दोन आठवडे. माणसं वाईट नव्हती हो. पण संध्याकाळी जो तो आपल्या घरी. वहिनी, मी सहा महिने मराठी कुणाशी बोललो, माहीत आहे? पेशंटशी. पूर्ण झोपला ना, की मग त्याच्या कानाशी बोलायचो. काय आजोबा, आज आमटी जमली होती का? काय काकू, धाकट्याचं पत्र आलं? तेवढंच बोलणं दिवसातलं. एकदा सर्जनने विचारलं, 'खॅम्बेट, इज इट अ प्रेअर?' मी म्हटलं, 'येस, सर.'"

ते हसले. मला हसता आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते झोपलेले म्हातारे आणि त्यांना आमटीचं विचारणारा हा तरुण मुलगा उभा राहिला.

"तेव्हाच ठरवलं होतं," खांबेटे म्हणाले. "जिथे जिथे असा राहिलो, तिथे एकदा गाडी भरून माणसं आणायची. आपली. आरडाओरडा करणारी. सुमतीला काय सांगणार हे? तिला वाटेल, म्हातारा हळवा झाला."

"मग सांगितलं का नाहीत आम्हाला? रीतसर घेऊन आलो असतो."

"रीतसर आलात, तर गप्प उभे राहिला असतात सगळे. आत्ता बघा."

मी वळून पाहिलं. गाडीच्या उघड्या दारातून मुलं एकमेकांना ढकलत होती, एक ज्युनियर दशमी खाता खाता अरविंदची समजूत काढत होता, सुमतीने चक्क डोळे उघडले होते. कुणीतरी न सांगताच भेंड्या सुरू केल्या होत्या. 'म' आला आणि मिसेस बेलनी आपलं तेच गाणं लावलं.

"मोठ्याने!" खांबेटे भिंतीपाशी उभे राहून ओरडले. "अजून मोठ्याने!"

आम्ही जॉन ओ'ग्रोट्सला पोचलो तेव्हा तिथलं चहाचं दुकान बंद झालं होतं. किल्ली कॅप्टनकडेच राहिली, कारण चूक त्यांची नव्हती. माझ्या भूगोलावर मात्र आमच्या घरात आजतागायत कुणी विश्वास ठेवत नाही. साधं टेस्कोच्या दुकानात जायचं तरी केतकी म्हणते, "आई, तू नको सांगूस."

त्यानंतर खांबेट्यांबरोबर आम्ही पाच-सहा ट्रिपा केल्या. ते एकदाही चुकले नाहीत. अरविंदला वाटतं, हा त्याच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा गुण. वाटू दे. खरं सांगायचं तर वेळेवर पोचणाऱ्या त्या ट्रिपा मला जरा अळणीच वाटायच्या. एकदा मी न राहवून म्हणालेसुद्धा, "डॉक्टर, डावीकडे एखादं हॉस्पिटल नाही का?"

"नाही, वहिनी," ते म्हणाले, आणि आरशातून मागच्या भरलेल्या सीट एकदा मोजून घेतल्या. "आता कुठे थांबायचं राहिलं नाही."